सिगारेट सुटली, आता पुढचे तीन महिने

शेवटची सिगारेट विझवून एक दिवस झाला असो की एक महिना, पुढचं सगळं त्याच माणसासाठी आहे. विडीवाल्यांनाही हेच लागू. विडी दिसायला बारीक असली तरी निकोटिनच्या बाबतीत सिगारेटला हार जात नाही, तेव्हा जिथे सिगारेट लिहिलंय तिथे त्यांनी विडी वाचावी.

आधी थोडा हिशेब. रक्तातलं निकोटिन दर दोन तासांनी साधारण निम्मं होतं, म्हणजे तीन दिवसांत ते जवळपास संपतं. मेंदूत निकोटिन पकडणाऱ्या ज्या जागा वर्षानुवर्षांच्या ओढण्याने वाढलेल्या असतात, त्या मूळपदावर यायला सहा ते बारा आठवडे लागतात. आणि तिसरी गोष्ट सवयीची. रोज दहा सिगारेटी, एकीला दहा झुरके धरले तर वर्षाला छत्तीस हजारांवर वेळा हात तोंडाकडे गेलेला असतो, आणि दर वेळी सोबत काहीतरी होतं: चहा, फोन, बाइकवरून उतरणं, पाऊस, भांडण.

म्हणून ‘तलफ’ हा शब्द एकवचनी वापरला की घोळ होतो. सकाळच्या चहाची तलफ वेगळी, जेवणानंतरची वेगळी, संडासातली वेगळी, साहेबाने झापल्यावरची वेगळी. प्रत्येकीचं देणं वेगवेगळं फेडावं लागतं. रोजच्या जागा रोज समोर येतात, त्यामुळे पंधरा-वीस दिवसांत फिटतात. वर्षातून एकदा येणाऱ्या जागा मात्र तुम्ही निर्धास्त झालात की येतात. तिसऱ्या महिन्यात घसरणारे बहुतेक तिथे घसरतात.

पहिले तीन दिवस

चिडचिड, डोकं जड, कामात लक्ष नाही, सारखी भूक, अंगात एक प्रकारची वळवळ. हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जोरात असतं, आठवड्यानंतर ओसरायला लागतं आणि दोन ते चार आठवड्यांत बरंचसं निवळतं. तारीख अजून ठरायची असेल तर तिसरा दिवस ऑडिटच्या, परीक्षेच्या किंवा हळदीच्या दिवशी पडणार नाही एवढं बघा.

घर साफ करणं म्हणजे फक्त पाकीट फेकणं समजू नका. ॲशट्रे, लायटर, काडेपेट्या (देवासमोरच्या दिव्यापुरती एक घरातल्या दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्या), गाडीच्या डॅशबोर्डचा कप्पा, स्कूटरची डिकी, ऑफिसच्या ड्रॉवरचा मागचा कोपरा, हिवाळ्यातल्या जॅकेटचे खिसे. गाडीतले सीटकव्हर आणि बसता त्या खोलीतले पडदे धुवा. धुराचा वास नाकाला सवयीचा असल्याने जाणवत नाही, पण सुटल्यावर चार-पाच दिवसांत नाक जागं होतं आणि मग त्याच वासाने तलफ उठते.

तलफ आली की

घड्याळ बघा. खरंच बघा, सेकंद दिसतील असं. बहुतेक तलफा तीन ते पाच मिनिटांत चढून उतरतात, दहाच्या पुढे क्वचितच जातात. एवढ्या वेळात ‘ओढू की नको’ हा वाद डोक्यात सुरू करायचा नाही, कारण त्या वादात जिंकायची सवय तलफेला आहे.

जागा सोडा. खुर्चीत असाल तर उठा, गॅलरीत असाल तर आत या. एक ग्लास पाणी दहा-बारा घोटांत प्या, गटागटा नको. मग श्वास: नाकाने चार मोजेपर्यंत आत, ओठांचा चंबू करून सहा मोजेपर्यंत बाहेर. असे दहा झाले की पावणेदोन मिनिटं गेलेली असतात. सिगारेट ओढताना माणूस नकळत हेच करत असतो. काम थांबवतो, मोकळ्यावर जातो, खोल ओढतो आणि लांब सोडतो. ‘सिगारेटने डोकं शांत होतं’ यातला मोठा वाटा त्या थांबण्याचा आणि लांब श्वासाचा. उरलेला वाटा म्हणजे मागच्या सिगारेटने लावलेली तलफ पुढच्या सिगारेटने भागणं. तेव्हा दिवसातून तीन-चार वेळा पाच मिनिटं बाहेर जाऊन उभं राहण्याचा हक्क सोडू नका. सिगारेटवाल्यांना तो मिळतो, सोडणाऱ्याला ‘आता कशाला बाहेर’ म्हणून ऐकवतात. ऐकून घेऊ नका.

हाताला आणि तोंडाला काहीतरी लागतंच. कागदी स्ट्रॉ सात-आठ सेंटीमीटर कापून तिच्यातून हवा ओढणं हा दिसायला बावळट पण चालणारा उपाय आहे. दालचिनीचा तुकडा, लवंग, वेलदोडा, भाजलेली बडीशेप, ओवा, काकडी-गाजराच्या फोडी चालतील. ज्येष्ठमधाची काडी बरेच जण सुचवतात, पण तिने रक्तदाब वाढू शकतो. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती नको.

टपरी आणि चहा

चार वाजतात. कोणी काही बोलत नाही, एक जण नुसती मान हलवतो आणि चौघं जिन्याकडे निघतात. कटिंग येतं, काउंटरच्या खांबाला दोरीने बांधलेला लायटर लटकत असतो. सिगारेट पेटवणाऱ्याला तिथे ठरवून काहीच करावं लागत नाही, हात आपोआप दोरीकडे जातो. म्हणून पहिले दोन आठवडे तिथे जायचंच नाही. चहा जागेवर मागवा, चारचा साडेचार करा किंवा त्या वेळी ताक, कोकम सरबत, लिंबूपाणी घ्या. मैत्री तुटेल ही भीती वाटते. दोन आठवड्यांत तुटणारी मैत्री चहाचीसुद्धा नव्हती.

तिसऱ्या आठवड्यापासून जा, पण तयारीने. ज्या हातात सिगारेट असायची त्याच हातात ग्लास धरा. लायटरच्या उलट्या बाजूला उभे राहा. ग्लास रिकामा झाला की निघा, कारण खरा धोका चहा पिताना नसतो. चहा संपून गप्पा चालू असतात आणि हात मोकळे होतात तेव्हा असतो. कोणी पाकीट पुढे केलं तर ‘आज नको’ म्हणू नका. ‘आज नको’वर ‘घे रे, एकच’ हे उत्तर तयार असतं. ‘सोडलीय’ म्हटलं की एक-दोनदा टिंगल होते आणि विषय संपतो.

महाराष्ट्रात सुट्या सिगारेटी आणि विड्या विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. टपरीवर ती किती पाळली जाते हे सांगायला नको, त्यामुळे कायद्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. पूर्वी खिशात सुटे पैसे नसले की एखादी सिगारेट टळायची, आता क्यूआर कोडने तीही पळवाट गेली.

चहा-कॉफीबद्दल एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन जास्त वेगाने निपटतं. धूर बंद झाला की काही दिवसांत हा वेग उतरतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीने रक्तात कॅफीन जवळपास दुप्पट साचू शकतं. छातीत धडधड, हात थरथरणं, रात्री टक्क जाग. माणसाला वाटतं हा सिगारेट सोडल्याचा त्रास आहे, आणि तो ‘झोप यावी’ म्हणून एक ओढतो. सहा कप घेत असाल तर पहिल्या आठवड्यातच तीनवर या, आणि दुपारी तीननंतर एकही नको. मात्र एकदम बंदही करू नका, नाहीतर कॅफीन सुटल्याची डोकेदुखी निकोटिनच्या डोकेदुखीवर चढते.

यकृताचा हाच वेग काही औषधांनाही लागू आहे. दम्यासाठी थिओफायलिन, मानसिक आजारासाठी क्लोझापिन किंवा ओलान्झापिन चालू असेल तर तेवढ्याच गोळीचा परिणाम सुटल्यानंतर वाढतो आणि डोस कमी करावा लागू शकतो. रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन घेणाऱ्यांनी रक्ततपासणी लवकर करून घ्यावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी पहिले काही आठवडे साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी. सिगारेट सोडल्याची तारीख डॉक्टरांना सांगा, नुसतं ‘सोडलंय’ पुरत नाही.

निकोटिन गम: चघळायचा नसतो

तलफ भागवायला थोडं थोडं निकोटिन देणाऱ्या या गमने काही होत नाही म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तो साध्या च्युइंगमसारखा चावलेला असतो. त्याची रीत वेगळी आहे.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलीग्रॅमचा, नाहीतर २ चा. २ चा मेडिकलमध्ये सहसा चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ साठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. गम तोंडात टाकायच्या आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक काही नको आणि तोंडात असेपर्यंतही नको, कारण आंबट पदार्थांनी तोंडातलं निकोटिन शोषलं जात नाही. चहाच्या वेळी गम खाणाऱ्याचे पैसे इथेच वाया जातात.

आता हळूहळू चावा. दहा-पंधरा वेळा चावल्यावर मिरीसारखी तिखट चव येते किंवा हिरड्यांना चुणचुण लागते. तिथे थांबा. गम गाल आणि हिरडीच्या मध्ये सरकवा आणि विसरा. मिनिटभराने चुणचुण गेली की पुन्हा चार-सहा वेळा चावा, पुन्हा चुणचुण, आता दुसऱ्या गालात. असं अर्धा तास. चुणचुण यायची थांबली की गम संपला. भराभर चावलात तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. तिथे त्याचा उपयोग नाही, उलट उचक्या, मळमळ आणि छातीत जळजळ होते. जबडा दुखत असेल तर चावणं जास्त होतंय.

दुसरी चूक मात्रेची. माणसं ‘अगदीच राहवेना’ झाल्यावर दिवसाला दोन गम खातात. सिगारेटचं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचतं, गमला वीस-तीस मिनिटं लागतात. तलफ डोक्यावर बसल्यावर गम पोहोचेपर्यंत खेळ संपलेला असतो. तो घड्याळाने घ्यायचा: पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी, म्हणजे दिवसाला निदान नऊ, सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन-चार तासांनी, दहाव्या ते बाराव्यात दर चार-आठ तासांनी. चोवीस तासांत २४ पेक्षा जास्त नाही. ‘एक निकोटिन सोडून दुसरं कशाला’ ही शंका रास्त आहे, पण कर्करोग आणि हृदयाचं नुकसान मुख्यतः धुरातल्या टारने आणि कार्बन मोनॉक्साइडने होतं, गममध्ये धूरच नाही. गरोदर असाल, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा छातीत दुखत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्यांना पॅच, म्हणजे कातडीवाटे निकोटिन देणारी चिकटपट्टी, बरा पडतो. २१ मिलीग्रॅमचा सहा आठवडे, १४ चा दोन, ७ चा दोन. दंडावर किंवा छातीच्या वरच्या भागात, केस नसलेल्या कोरड्या कातडीवर, रोज नवी जागा. तेल किंवा लोशन लावून पॅच चिकटवला तर तो टिकत नाही, आणि घामाच्या दिवसांत तर संध्याकाळपर्यंत कडा सुटतात, तेव्हा आंघोळीनंतर कातडी पूर्ण वाळू द्या. फार विचित्र स्वप्नं पडू लागली तर रात्री काढून ठेवा. पॅच दिवसभराचा पाया आणि अचानक आलेल्या तलफेला गम, अशी जोडी एकट्या उपायापेक्षा जास्त लोकांना लागू पडते.

व्हेरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन या तलफ कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात. पहिलीने मळमळ होते, ती भरल्या पोटी मोठा ग्लास पाण्याबरोबर घेतली की कमी होते. दुसरी फिट येणाऱ्यांना चालत नाही. दोन्ही पंधरा दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडून देणं हीच त्यांच्या अपयशाची नेहमीची वाट. व्हेरेनिक्लिनचा कोर्स बारा आठवड्यांचा आहे.

संडास, तोंड, खोकला, झोप, वजन

‘सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही’ ही सबब नाही, निकोटिन आतड्यांना खरंच हलवतं. ते बंद झालं की आठवडा-दोन आठवडे आतडी सुस्त राहतात. सकाळी उठल्याबरोबर दोन ग्लास कोमट पाणी, रात्री एक-दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्यातून लगेच पिऊन टाकायचं (भिजत ठेवलं की घट्ट लगदा होतो), दुपारी एक पेरू किंवा पपई, आणि संडासात फोन न्यायचा असेल तर न्या, पण सिगारेट ज्या संडासात ओढायचात तो शक्य असेल तर महिनाभर बदला. चार-पाच दिवस अजिबात झालं नाही किंवा पोट फुगून दुखू लागलं तर दाखवा.

तोंडात छाले पहिल्या दोन आठवड्यांत बऱ्याच जणांना येतात. मिठाच्या कोमट पाण्याने दिवसातून तीन-चारदा चूळ, तिखट कमी. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला छाला, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणं या गोष्टी दंतवैद्याला दाखवायच्या. सोडल्याचा परिणाम म्हणून सोडून द्यायच्या नाहीत.

खोकला वाढला की लोक घाबरतात, ‘ओढत होतो तेव्हा बरा होतो’ म्हणतात. श्वासनळीच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केस असतात, ते कफ वर ढकलतात. धुराने ते झोपलेले असतात. जागे झाले की साचलेला माल बाहेर काढायला लागतात. गरम पाणी, वाफ, चालणं. खोकला आणि धाप पहिल्या महिन्यापासून पुढे नऊ महिन्यांपर्यंत हळूहळू उतरत जाते. थुंकीत रक्त, तीन-चार आठवड्यांनीही तसाच राहिलेला खोकला, संध्याकाळचा ताप, छातीत दुखणं यांपैकी काहीही असेल तर वाट बघू नका.

झोप पहिले दोन-तीन आठवडे तुटक. स्वप्नात आपण सिगारेट ओढतोय असं दिसतं आणि घाम फुटून जाग येते. ते नापास होण्याचं लक्षण नाही. बहुतेकांना सकाळी आधी अपराधी वाटतं, मग हायसं.

वजनाचं स्पष्ट सांगितलेलं बरं. पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतात आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन महिन्यांत. निकोटिन भूक मारतं आणि शरीराचा खर्च थोडा वाढवतं. दोन्ही थांबतात, शिवाय जिभेला चव परत येते, त्यात जेवणानंतर सिगारेटच्या जागी गोड येतं. पहिल्या महिन्यात डाएट सुरू करू नका, उपाशी माणसाला तलफ दुप्पट लागते. पण फरसाणाचा डबा टेबलावरून उचला. मूठभर फुटाणे वाटीत मोजून घ्या, पिशवीतून नको. जेवल्यावर ताट उचलून लगेच दात घासा आणि दहा मिनिटं चाला. जेवणाचा शेवट सिगारेटने व्हायचा, तो आता ब्रशने होतो हे मेंदूला शिकवायचं. वजनाचा काटा दुसऱ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा.

सुपारी, मावा, मशेरी

सिगारेट सुटली आणि मावा लागला, असं गावोगाव दिसतं. खिशात ‘नुसती सुपारी’ ठेवणारे त्याला व्यसन मानत नाहीत. सुपारी तंबाखूशिवायही तोंडाचा कर्करोग करते, आणि गालाची आतली बाजू कडक होऊन तोंड उघडेनासं होण्याचं मुख्य कारण तीच आहे. बडीशेपेचं रंगीत पाकीट घेताना मागचे घटक वाचा, पुष्कळ मुखवासांत सुपारीचे तुकडे असतात. बायकांमध्ये, विशेषतः गावाकडे, सिगारेटच्या किंवा विडीच्या जागी मशेरी दोन वेळची चार वेळा होते. दात घासायला घेतली तरी ती भाजलेली तंबाखूच.

हुक्का नको, त्यात धूर आहे. ‘तंबाखू नसलेली’ वनस्पतींची सिगारेट नको. काहीही जाळलं की टार आणि कार्बन मोनॉक्साइड येतात, शिवाय हात-तोंडाची सवय ताजी राहते. ई-सिगारेट विकायला भारतात २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा मिळते ती चोरून आलेली आणि तिच्यात काय भरलंय ते कोणी तपासलेलं नसतं.

बसणं

पहिला महिना दारू नको. यात पोरकट वाटण्यासारखं काही नाही. दारूने ठरवलेलं विसरायला होतं आणि बैठकीत सिगारेट ही चखण्याइतकीच ठरलेली असते. टाळता येत नसेल तर गाडी चालवायचं काम तुम्ही घ्या, म्हणजे पिणंही टळतं आणि निघायची वेळही तुमच्या हातात राहते. दुसऱ्या महिन्यापासून बसायचंच असेल तर न ओढणाऱ्याच्या शेजारी बसा, दोनावर थांबा आणि गच्चीवर ‘जरा हवा खायला’ जाणाऱ्या घोळक्याबरोबर उठून जाऊ नका.

डोकं आणि घरचे

चिडचिड होते, आणि ती घरच्यांवरच निघते. पहिल्या दिवशीच सांगून ठेवा की पंधरा दिवस असं होईल. घरच्यांनी रोज ‘आज ओढली नाहीस ना?’ विचारणं आणि शर्ट हुंगणं बंद करावं. विचारायचंच तर ‘चल, चक्कर मारून येऊ’ म्हणावं. बायकांचं एक वेगळं होतं. ओढणं घरापासून लपवलेलं असतं, त्यामुळे सोडणंही लपूनच करावं लागतं आणि चिडचिडीचं कारण कोणालाच माहीत नसतं. अशा वेळी फोनवरची मदत जास्त उपयोगी पडते.

तो फोन १८००-११-२३५६. २०१८ पासून हाच नंबर सिगारेटच्या पाकिटावरच्या चित्राजवळ छापलेला असतो, आणि तेच पाकीट उघडताना कोणी वाचत नाही. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि तुमची तयारी असेल तर पुढे ठरावीक दिवसांनी समुपदेशक स्वतः फोन करतात.

उदास वाटणं सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं, कशातच रस उरला नाही, झोप-भूक गेली तर ते नुसतं निकोटिन नाही असं धरून चाला. पूर्वी नैराश्याचा त्रास झालेल्यांनी सोडतानाच डॉक्टरांना सांगावं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर लगेच टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, १४४१६, कोणत्याही वेळी.

एक ओढली गेली तर

ओढली. उरलेली विझवा, पाकिटात असतील त्या मोडून पाण्यात टाका, आणि पाच मिनिटांत चार गोष्टी लिहा: कुठे होतो, कोण होतं, हातात काय होतं, किती वाजले होते. या चार ओळींतून पुढची घसरण कुठे होणार ते कळतं. पॅच किंवा गम चालू असेल तर एका सिगारेटमुळे तो थांबवायचा नाही. ‘आता मोडलंच, सोमवारपासून परत’ म्हणून मधले चार दिवस ओढणं, हे त्या एका सिगारेटपेक्षा कितीतरी महाग पडतं. मोजणी शून्यावर आणायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न; आमचं मत, आणू नका. चाळीस दिवसांत एक म्हणजे एकोणचाळीस दिवस झालेलेच आहेत.

तिसरा महिना

आता टपरी, जेवण, संडास सगळं फिटलेलं असतं. पैशांचा हिशेबही दिसायला लागतो: एक सिगारेट १८ रुपयांची धरली तर दिवसाला दहाप्रमाणे महिन्याचे ५,४००. ते वेगळ्या खात्यात टाकले तरच दिसतात, नाहीतर किराण्यात विरतात.

कॅलेंडर घेऊन बसा आणि पुढच्या वर्षभरात येणाऱ्या जागांवर खूण करा. पहिला पाऊस. कोकणातली रात्रीची गाडी. विसर्जनाची रात्र, जेव्हा ढोल वाजवून हात रिकामे होतात. अंतिम सामना. मित्राचं लग्न. स्मशान तारीख सांगून येत नाही, पण तिथे पुरुष घोळक्याने उभे राहतात आणि कोणीतरी न बोलता पाकीट पुढे करतो. तेव्हा ‘सोडलीय’ म्हणायलाही संकोच वाटतो, म्हणून आधीच ठरवा की लाकडं, पाणी, गाड्या यातलं एखादं काम अंगावर घ्यायचं. प्रत्येक खुणेपुढे एकच गोष्ट लिहा: त्या वेळी हातात काय असेल.

आणि रेनकोट. मे महिन्यात माळ्यावरून काढलात की घालण्याआधी आतला खिसा तपासा. गेल्या पावसाळ्यातलं अर्धं पाकीट तिथे असण्याची शक्यता दाट आहे, आणि ते नेमकं सापडतं अडकलेल्या ट्रॅफिकमध्ये, एकटे असताना. सापडलं तर मोडून पाण्यात बुडवा, मग निथळून सुक्या कचऱ्यात टाका. ओल्या कचऱ्यात नको, फिल्टर प्लॅस्टिकच्याच जातीचा असतो, त्याचं खत होत नाही.